मिउरा इओरी आणि जपानमधलं महिला बेसबॉल: सारखे विचारले जाणारे प्रश्न

मिउरा इओरीबद्दल काही लिहिलं की तेच तेच प्रश्न येतात, आणि दरवेळी वेगळं उत्तर देताना काहीतरी राहून जातं. म्हणून सगळे प्रश्न एका ठिकाणी घेतलेत. सुरुवातीला सोपे, नंतर अवघड. एखादी गोष्ट आधी येऊन गेली असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. मिउरा इओरी कोण? मी नाव पहिल्यांदाच ऐकतोय.

जपानची आउटफिल्डर. जन्म मार्च १९९२, आइची प्रांतातली. उजव्या हाताने थ्रो करते, डावखुरी बॅटिंग करते. २०१० मध्ये जपानमध्ये महिलांची प्रो लीग सुरू झाली तेव्हा हायस्कूल संपवून ती थेट त्यात आली, क्योतोच्या टीमकडून वर्षानुवर्षं खेळली, जपानच्या राष्ट्रीय टीममधून वर्ल्ड कप जिंकली आणि लीगचे सामने थांबल्यावर २०२१ मध्ये हानशिन टायगर्स या पुरुषांच्या प्रो क्लबने महिलांची टीम काढली त्यात पहिल्याच वर्षी होती. मला तिचं करिअर एवढं महत्त्वाचं वाटतं कारण जपानमध्ये महिला बेसबॉलचं गेल्या पंधरा वर्षांत जे जे झालं, म्हणजे लीग उभी राहणं, पडणं, परत दुसऱ्या वाटेने उभं राहणं, ते सगळं या एका मुलीच्या वाटेवर येऊन गेलंय.

२. म्हणजे सॉफ्टबॉलच ना? मुली तर सॉफ्टबॉल खेळतात.

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि चूक लोकांची नाही, आपल्याकडे पण शाळेत मुलांना बेसबॉल आणि मुलींना सॉफ्टबॉल अशीच वाटणी दिसते. पण हे दोन वेगळे खेळ आहेत. सॉफ्टबॉलचा बॉल मोठा, साधारण ३० सेंटिमीटर घेराचा, पिचर तो खालून हात फिरवून टाकते, दोन बेसमधलं अंतर १८.२९ मीटर. बेसबॉलचा बॉल २३ सेंटिमीटरच्या आसपास, टाकायचा वरून, पिचर उभी असते १८.४४ मीटरवर आणि दोन बेसमधलं अंतर २७.४३ मीटर. महिलांच्या बेसबॉलमध्ये ही अंतरं पुरुषांच्याच मैदानाची आहेत, काही कमी केलेलं नाही. आउटफिल्डरसाठी तर हा फरक खूपच मोठा, कारण सॉफ्टबॉलचं कुंपण ६५-७० मीटरवर संपतं आणि बेसबॉलच्या मोठ्या स्टेडियममध्ये मधल्या बाजूला शंभर मीटरच्या पुढे गवत पसरलेलं असतं, आणि तेवढी जागा तिघींनी मिळून सांभाळायची असते.

३. आउटफिल्डर नक्की काय करते? क्रिकेटच्या भाषेत सांगा.

लाँग ऑन, लाँग ऑफ आणि डीप मिडविकेट या तिन्ही जागांची जबाबदारी तीन जणींवर आहे असं समजा, लेफ्ट, सेंटर आणि राइट. पण इथे बाउंड्रीला चार धावा असा हिशोब नाही, बॉल कुंपणाशी जाऊन थांबला तरी तो जिवंतच, पळणारी पळतेय, म्हणून कॅच सुटल्यावरचे तीन सेकंद कॅचपेक्षा महागात पडतात.

एक प्रसंग डोळ्यासमोर आणा. सेकंड बेसवर एक रनर आहे, बॅटरने बॉल सेंटर आणि राइटच्या मधल्या फटीत मारला. सेंटर फिल्डर बॉलकडे सरळ धावत नाही, तिरकी धावते, बॉल जिथे पोचणार तिथे. उचलताना तिचा पुढचा पाय आधीच थ्रोच्या दिशेला वळलेला असतो. आणि थ्रो एकदम होम प्लेटला (जिथे पोचलं की रन पूर्ण होते) करत नाही, मध्ये इनफिल्डर, म्हणजे बेसजवळची फिल्डर, हात वर करून उभी असते तिच्या छातीच्या उंचीवर देते, ती वळते आणि पुढे मारते. बघताना सोपं वाटतं पण त्यात दोन मुलींची वर्षानुवर्षांची प्रॅक्टिस असते, एकीचा थ्रो डोक्यावरून गेला की रन गेलीच. टीव्हीवर कॅमेरा बहुतेक वेळा बॉलच्या मागे असतो म्हणून हे दिसत नाही, मैदानावर जाऊन बघाल तर बॉल सोडून एक इनिंग फक्त आउटफिल्डर बघा, प्रत्येक पिचला तिघीही एकेक पाऊल हलत असतात.

अजून एक गोष्ट जी पुरुषांच्या खेळात फार क्वचित दिसते. महिलांच्या मॅचमध्ये बॉल कुंपणापार जाणं कमी, म्हणून आउटफिल्डर जरा पुढे येऊन उभ्या राहतात. मग कधी कधी असं होतं की बॅटरने राइट फिल्डला चांगला जमिनीलगत फटका मारला, तिला वाटलं झाला हिट, आणि राइट फिल्डरने पुढे येऊन बॉल उचलून सरळ फर्स्ट बेसला फेकून तिलाच आउट केलं. असला आउट बघितला की मी खुर्चीवरून उठतोच.

४. बाकी नियम पुरुषांसारखेच का?

जवळपास. मोठा फरक म्हणजे नऊ ऐवजी सात इनिंग. वर्ल्ड कपमध्ये पाच इनिंगनंतर दहा रनांची आघाडी असेल तर मॅच तिथेच संपते, म्हणून कधी कधी स्कोअरकार्डवर पाचच इनिंग दिसतात, ते अर्धवट नाही. अंतरांचं प्रश्न २ मध्ये आलंय.

५. जपानमध्ये तर बेसबॉल घराघरात आहे, मग मुलींना शाळेत खेळता येत असेलच की?

इथेच खरी गोची आहे. लहानपणी मुलं-मुली एकत्र खेळतात, गल्लीतल्या टीममध्ये एखादी मुलगी कॅप्टनपण असते. पुढे मिडल स्कूल, हायस्कूल आलं की वाट बंद होत जाते. मुलांच्या हायस्कूल स्पर्धेत, म्हणजे कोशिएन स्टेडियमवर भरणाऱ्या प्रसिद्ध राष्ट्रीय स्पर्धेत, मुलींना अधिकृत मॅच खेळता येत नाही. २०१६ मध्ये तर एका टीमची मॅनेजर मुलगी (तिकडे मॅनेजर म्हणजे टीमला मदत करणारी विद्यार्थिनी) प्रॅक्टिसला मदत करायला कोशिएनच्या मैदानात उतरली तर तिला बाहेर काढलं होतं, फक्त बॉल उचलून द्यायला आलेली ती, त्यावर जपानमध्ये बरीच चर्चा झाली आणि नंतर नियम थोडा सैल केला.

मुलींसाठी वेगळी राष्ट्रीय हायस्कूल स्पर्धा १९९७ पासून आहे, ह्योगो प्रांतात तांबा भागात भरते. पण ती कोशिएन स्टेडियमवर यायला २०२१ उजाडावं लागलं. २३ ऑगस्ट २०२१ ला पहिल्यांदा मुलींची फायनल कोशिएनवर झाली, कोबे कोर्यो शाळेने कोची चुओ शाळेला ४-० ने हरवलं. १९२४ मध्ये बांधलेलं स्टेडियम, आणि मुलींची हायस्कूल फायनल तिथे व्हायला सत्त्याण्णव वर्षं गेली. २०२२ पासून वसंतातल्या स्पर्धेची फायनल टोकियो डोममध्ये होते. आता मुलींची बेसबॉल टीम असलेल्या शाळा वाढतायत, पण इओरी हायस्कूलमध्ये होती तेव्हा यातलं बरंचसं नव्हतंच.

६. मग ती हायस्कूलमध्ये कुठे खेळली?

बेसबॉल नाही, टेनिस. लहानपणी बेसबॉल, मग टेनिस, मग परत बेसबॉल. ही फक्त तिची गोष्ट नाही, त्या पिढीतल्या कितीतरी मुली मधली वर्षं दुसऱ्या खेळात काढून आल्या. तिच्याच पिढीतली कावाबाता युकी सॉफ्टबॉलमधून आली, जिचा भाऊ कावाबाता शिंगो पुरुषांच्या प्रो बेसबॉलमध्ये याकुल्ट टीमकडून खेळला आणि २०१५ मध्ये तिथल्या सेंट्रल लीगचा बॅटिंग चॅम्पियन होता. एकाच घरातला मुलगा सरळ रस्त्याने प्रोपर्यंत गेला आणि बहिणीला वळसा घालून यावं लागलं, हे मला कायम टोचतं.

टेनिसचा फायदा झाला का असं पण लोक विचारतात. फोरहँडला बॉलच्या मागे पाय आधी पोचवायची सवय आणि आउटफिल्डला पहिलं पाऊल टाकायची सवय यात नातं आहे असं मला वाटतं, तिचं पहिलं पाऊल बघितलं की हे पटतं.

७. प्रो लीग म्हणजे खरंच पगार मिळायचा?

हो, खेळायचा पगार. लीग २००९ मध्ये स्थापन झाली आणि एप्रिल २०१० मध्ये क्योतोत पहिली मॅच झाली. सुरुवातीला दोनच टीम, क्योतो आस्तो ड्रीम्स आणि ह्योगो स्विंग स्माइलीज. म्हणजे दर मॅचला त्याच दोघी समोरासमोर, तरी मुली आल्या, कारण त्याआधी खेळून पोट भरायची सोयच नव्हती. जपानमध्ये १९५० च्या सुमारास थोडा काळ महिलांचं प्रो बेसबॉल होतं, ते लगेच संपलं, त्यानंतर साठएक वर्षं काहीच नाही. यामागे वाकासा सेइकात्सू ही क्योतोची हेल्थ फूड कंपनी होती. एकाच कंपनीचं लक्षात ठेवा, प्रश्न १० मध्ये त्याचंच उत्तर आहे.

८. तिच्या रेकॉर्डमध्ये तीन वेगवेगळ्या टीमची नावं दिसतात, सारखी टीम बदलायची का?

नाही. नावं बदलली. २०१३ मध्ये लीगने सगळ्या टीमची नव्याने मांडणी केली आणि ईस्ट, वेस्ट, साउथ, नॉर्थ अशी दिशांची नावं दिली, २०१४ पासून परत शहर-प्रांतांची नावं आली. म्हणून तिच्या नावापुढे आधी क्योतो आस्तो ड्रीम्स, मग वेस्ट फ्लोरा, मग क्योतो फ्लोरा दिसतं. दुसऱ्या टीमचं पण तसंच, ह्योगो डिओने पुढे आइची डिओने झाली. जुनी स्कोअरकार्डं वाचताना यात भलेभले फसतात.

९. तिला "ओन्ना इचिरो" का म्हणतात?

ओन्ना म्हणजे बाई, म्हणजे महिलांमधली इचिरो. इचिरो सुझुकी, जपानचा सगळ्यात गाजलेला बेसबॉलपटू, पण आइचीचाच, तो पण आउटफिल्डर, तो पण उजव्या हाताने थ्रो करून डावखुरी बॅटिंग करणारा. आणि पद्धत पण तीच. डावखुरा बॅटर फर्स्ट बेसच्या एक-दोन पावलं जवळ उभा असतो, त्यात बॅट फिरवतानाच शरीर धावायला निघालेलं असेल तर जमिनीवरून गेलेला साधा बॉलसुद्धा इनफिल्डरला घाईत उचलावा लागतो. ताकदीने कुंपणापार नाही, फटी शोधून आणि पायांवर हिट काढायचे. महिलांच्या खेळात होमरन कमी असल्यामुळे ही बॅटिंग सोन्यासारखी.

टोपणनाव मला पूर्ण आवडतं असं नाही, बाईच्या खेळाला पुरुषाच्या नावाने ओळखायचं कशाला. पण जपानमध्ये इचिरोचं नाव लावणं हा मोठा मान आहे हेही खरं. आणि इचिरोने स्वतः मुलींचं बेसबॉल मनापासून घेतलं, डिसेंबर २०२१ मध्ये त्याने हायस्कूल मुलींच्या निवडक टीमविरुद्ध कोबेत मॅच खेळली, पूर्ण मॅच स्वतः पिचिंग केलं, १४७ पिच टाकले, १७ वेळा स्ट्राइकआउट केलं, म्हणजे बॅटरला तीन स्ट्राइकमध्ये बाद केलं, आणि तरी त्याच्या टीमला १-० नेच जिंकता आलं. मुलींना हलकं घेऊन कोण १४७ पिच टाकतं?

१०. लीग बंद का पडली?

सगळ्या टीमचा खर्च एकाच कंपनीवर होता. दुसरे मालक यावेत म्हणून लीगने २०१९ मध्ये उघडपणे हाक दिली, पण तसे मालक आले नाहीत. तो सीझन संपला आणि ७१ पैकी ३६ खेळाडू एकदम बाहेर पडल्या. अर्ध्या मुली एका झटक्यात. २०२० चा सीझन उरलेल्या मुलींनी, तेही कोरोनात, कसाबसा खेळला आणि २०२१ च्या शेवटी लीगने बेमुदत थांबत असल्याचं जाहीर केलं.

लोक म्हणतात प्रेक्षक नव्हते म्हणून बंद पडली. प्रेक्षक कमी होते हे खरं, पण एकाच खांबावर उभं केलेलं घर कितीही चांगलं बांधलं तरी तो खांब थकला की काय होणार. त्या दहा वर्षांनी दिलेलं मात्र पुसलं गेलं नाही. राष्ट्रीय टीममधल्या कितीतरी मुली, आज शाळांमध्ये कोच असलेल्या कितीतरी जणी याच लीगमधून आल्यात.

११. मग हानशिन टायगर्सची टीम म्हणजे परत प्रो झाली का?

नाही, आणि हा मुद्दा बऱ्याच ठिकाणी चुकीचा लिहिलेला दिसतो. हानशिन टायगर्स हा पुरुषांचा मोठा प्रो क्लब, पण त्यांची महिला टीम ही क्लब टीम आहे. नाव तेच, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची ओळख तीच, पण खेळाडू फक्त खेळण्याच्या पगारावर जगत नाहीत, सोबत नोकरी असते. त्याआधी २०२० मध्ये सेइबू लायन्सच्या नावाने लेडीज टीम सुरू झाली होती, नंतर योमिउरी जायंट्सने पण टीम काढली. म्हणजे एका कंपनीची लीग गेली आणि पुरुषांच्या क्लबांची नावं आली. पगाराच्या बाबतीत हे एक पाऊल मागे, पण पाया जास्त भक्कम, कारण हे क्लब उद्या उठून जाणार नाहीत. दोन्ही गोष्टी एकदमच खऱ्या आहेत, एकच सांगून चालत नाही. तिशीच्या उंबरठ्यावर प्रो चा शिक्का सोडून, सकाळी काम आणि मग प्रॅक्टिस अशा टीममध्ये पहिल्या दिवसापासून यायचं याला काय लागत असेल याचा विचार करा.

१२. कोशिएनवरचा वारा खरंच आउटफिल्डरला त्रास देतो का, की गोष्टी रचलेल्या?

खरंच देतो. हानशिनचं घर म्हणजे कोशिएन, समुद्र जवळ. हामाकाझे, म्हणजे किनाऱ्याचा वारा, राइट फिल्डकडून लेफ्ट फिल्डकडे वाहतो. डावखुऱ्या बॅटरने राइटला उंच मारलेला बॉल तो मागे ढकलतो, त्यामुळे राइट फिल्डर मागे पळता पळता अचानक पुढे यायला लागते, आणि लेफ्ट फिल्डरला वाटतं बॉल आला हातात आणि तो आणखी दोन पावलं मागे सरकतो. मधल्या बाजूला ११८ मीटर, दोन्ही कोपऱ्यांना ९५. इनफिल्डला काळी माती, आउटफिल्डला खरं गवत. आउटफिल्डर तिथे बॉल टाकायच्या आधी वर झेंड्याकडे बघतात, कोकणात होडी काढायच्या आधी वारा बघतात तसं.

१३. वर्ल्ड कपचं रेकॉर्ड काय?

महिलांचा वर्ल्ड कप २००४ मध्ये सुरू झाला. २००४ आणि २००६, दोन्ही फायनल जपान अमेरिकेकडून हरला. २००८ मध्ये मात्सुयामात, घरच्या मैदानावर, पहिल्यांदा जिंकला आणि मग सुटलाच नाही: २०१०, २०१२, २०१४, २०१६, २०१८, २०२४. सलग सात. २०१६ ची फायनल दक्षिण कोरियात कॅनडाविरुद्ध १०-०, २०१८ ची फ्लोरिडात तैवानविरुद्ध ६-०, या दोन्ही वेळा इओरी टीममध्ये होती. २०१८ नंतर मोठी गॅप दिसते ती कोरोनामुळे. तिन्ही वेळा, २०१४, २०१६ आणि २०१८, स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू पिचर सातो आयामी होती, आणि आउटफिल्डरचं नाव मागे राहतं त्याचं हेही एक कारण. पिचरचा प्रत्येक बॉल मोजला जातो, आउटफिल्डरने आधीच दोन पावलं सरकून सोपा करून टाकलेला कॅच कुठल्याच तक्त्यात येत नाही.

१४. म्हणजे जपान २००८ पासून एकही मॅच हरला नाही?

कप हरला नाही, मॅच हरलाय. वर्ल्ड कपमधली सलग ३९ विजयांची मालिका २०२४ मध्ये कॅनडाच्या थंडर बेमध्ये अमेरिकेने ४-३ ने तोडली. मग त्याच अमेरिकेला फायनलमध्ये ११-६ ने हरवून जपानने कप घेतला. सलग कप आणि सलग मॅच, या दोन गोष्टी लोक मिसळतात.

१५. ऑलिम्पिकमध्ये का नाही दिसत?

कारण ऑलिम्पिकमध्ये महिलांना सॉफ्टबॉलच आहे. २००८ आणि टोकियोला जपानने जे सोनं जिंकलं ते सॉफ्टबॉलचं. महिला बेसबॉलपटूला वर्ल्ड कपच्या वर काही नाही.

१६. पुरुषांच्या प्रो टीममध्ये बाई खेळू शकते का?

जपानच्या मुख्य प्रो लीगमध्ये नियमाने अडवलेलं नाही, ती अट १९९१ मध्येच काढली. पण आजवर कोणी बाई तिथे खेळलेली नाही. पुरुषांच्या स्वतंत्र छोट्या लीगमध्ये मात्र योशिदा एरीला २००८ मध्ये, सोळाव्या वर्षी, कोबेच्या टीमने घेतलं आणि २००९ मध्ये ती खेळली, नकल बॉल, म्हणजे जवळपास न फिरता डगमगत येणारा बॉल, टाकणारी पिचर. सातो आयामी २०२५ मध्ये टोरांटोत पुरुषांच्या टीमकडून उतरली. दोघी पिचर आहेत हे बघा. वेगळा बॉल टाकणाऱ्या पिचरला एखादी फट सापडते, आउटफिल्डरला खांद्याची ताकद आणि पळणं यात सरळ तुलनेला उभं राहावं लागतं, म्हणून आउटफिल्डरसाठी महिलांची स्वतःची लीग असणं जास्तच गरजेचं.

१७. अमेरिकेत नवीन महिला लीग येतेय, त्यात जपानी मुली आहेत का?

आहेत. नोव्हेंबर २०२५ च्या ड्राफ्टमध्ये न्यूयॉर्क, बोस्टन, लॉस एंजेलिस आणि सॅन फ्रान्सिस्को अशा चार टीमसाठी निवड झाली आणि सातो आयामीला लॉस एंजेलिसने एकंदरीत दुसऱ्या नंबरवर घेतलं. प्रश्न १० वाचला असेल तर कळेल की जपानी खेळाडूंना ही बातमी कशी वाटली असेल, पगारी महिला लीग हा शब्द त्यांनी याआधी एकदा ऐकलाय.

१८. भारताची महिला टीम यांच्याशी कधी खेळलीये का?

भारताची टीम २०१६ च्या वर्ल्ड कपला होती, त्याच स्पर्धेत जिथे इओरी खेळत होती, आणि २०१७ च्या हाँगकाँगमधल्या आशियाई स्पर्धेतही. ती आशियाई स्पर्धा जपाननेच जिंकली. आपल्या मुली बहुतेक सॉफ्टबॉलमधूनच तिकडे वळतात, म्हणजे प्रश्न ६ मधलाच वळसा.

१९. माझी मुलगी बारा वर्षांची आहे, क्रिकेटमध्ये बाउंड्रीवर चांगली फील्डिंग करते, बेसबॉल जमेल का?

जमेल. उंच कॅच घेणाऱ्या मुलीला अर्धं काम आधीच येतं. फक्त ग्लोव्हची सवय लावावी लागेल, उघड्या हाताने पकडणारी मुलं सुरुवातीला दोन्ही हात पुढे करतात आणि बॉल ग्लोव्हच्या काठाला लागून उडतो. पहिला महिना थ्रो करूच देऊ नका जोरात, आधी फक्त पहिलं पाऊल: तुम्ही बॉल उडवा, तिने बॉल हातातून सुटताच मागे की पुढे ते ठरवून एक पाऊल टाकायचं आणि थांबायचं. रोज पन्नास वेळा.